स्क्रीन कुणी लिहायची?

आयबीएमची ३२७० टर्मिनलं १९७१ मध्ये बाजारात आली. २४ ओळी, ८० रकाने, काळ्यावर हिरवी अक्षरं. बँकेतलं खातं असो, विम्याची पॉलिसी असो की विमानाचं तिकीट, पुढची कित्येक वर्षं देशोदेशींच्या कारकुनांनी जे पाहिलं ते या १,९२० घरांत बसवलेलं होतं. मी १९८९ मध्ये अंधेरीच्या सीप्झमधल्या एका कंपनीत लागले, तेव्हा माझ्या वाट्याला आधी आलं ते याच घरांत काय कुठे बसेल ते लिहून काढण्याचं काम. त्या लिखाणाला आम्ही ‘मॅप’ म्हणायचो.

मॅप लिहिण्यासाठी सीआयसीएस या आयबीएमच्या यंत्रणेत बेसिक मॅपिंग सपोर्ट, म्हणजे बीएमएस, नावाची सोय होती. तिच्यात तीन मॅक्रो होते. डीएफएचएमएसडी म्हणजे मॅपांचा संच, डीएफएचएमडीआय म्हणजे एक मॅप आणि डीएफएचएमडीएफ म्हणजे मॅपमधलं एक फील्ड. फील्डच्या ओळीत एवढंच सांगायचं: कितवी ओळ, कितवा रकाना, लांबी किती, इथे टाइप करता येईल की नाही, सुरुवातीला काय दिसावं. कर्सर कसा हलवायचा, अक्षर कसं उमटवायचं, यातलं काहीच लिहायचं नाही. काय हवं ते सांगायचं, कसं करायचं ते यंत्रणेवर सोपवायचं. आमच्या धंद्यात याला डिक्लरेटिव्ह पद्धत म्हणतात.

काम नाजूक होतं. प्रत्येक फील्डच्या आधीचं एक घर त्याच्या गुणधर्मांसाठी जायचं आणि ते स्क्रीनवर रिकामं दिसायचं. म्हणून ग्राहकाचं नाव ११व्या रकान्यात दिसायला हवं असेल, तर मॅपमध्ये १० लिहायचं. टाइप करायच्या फील्डला लागून एक छोटं बंद फील्ड लावायचं, नाहीतर नाव लांबलं की अक्षरं पुढच्या मोकळ्या जागेत वाहत जायची. या बंद फील्डला ‘स्टॉपर’ म्हणत. ओळ अपुरी पडली तर ७२व्या रकान्यात एक खूण करायची आणि पुढची ओळ १६व्या रकान्यापासून धरायची. मग मॅप दोनदा असेंबल व्हायचा. एकदा यंत्रासाठी, त्यातून स्क्रीनचा आराखडा निघायचा. दुसऱ्यांदा प्रोग्रामरसाठी, त्यातून कोबोलला जोडायची फील्डांची यादी निघायची. या विभागणीमुळे एखादं शीर्षक दोन ओळी वर सरकवायचं असेल, तर कोबोलच्या प्रोग्रामला हात लावावा लागत नसे.

हे सगळं मला तेव्हा फार देखणं वाटायचं, आजही वाटतं. पण मॅप बदलायला असेंब्लरचे मॅक्रो जाणणारा माणूसच लागायचा. ज्या कारकुनासाठी ती स्क्रीन होती, त्याला ते लिखाण दाखवून काही उपयोग नव्हता. स्क्रीनचं वर्णन प्रोग्रामपासून वेगळं काढणं ही एक पायरी झाली. ते वर्णन प्रोग्राम न लिहिणाऱ्या माणसाला वाचता येणं आणि बदलता येणं ही दुसरी. स्क्रीनच्या भाषांचा पन्नास वर्षांचा इतिहास मी या दुसऱ्या पायरीवरून मोजते.

ती पायरी पडद्यावर येण्याआधी कागदावर तयार होत होती. छापखान्याच्या धंद्यातले विल्यम टनिक्लिफ यांनी सप्टेंबर १९६७ मध्ये कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयात एक विचार मांडला: मजकूर काय आहे हे एकीकडे नोंदवा, तो छापील पानावर कसा दिसेल हे दुसरीकडे ठरवा. १९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी हे तिघं कायद्याच्या कागदपत्रांवर काम करत होते. त्यांनी याच विचारावर भाषा बेतली आणि तिला आपल्या आडनावांची आद्याक्षरं दिली: जीएमएल. तिच्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं. सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी त्याच वळणावर एचटीएमएल रचली, आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएलची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून जाहीर झाली. या सगळ्या घराण्याचा एक गुण समान होता. फाइल साध्या एडिटरमध्ये उघडावी आणि वाचावी. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, असं तिथे चक्क लिहिलेलं असे.

मात्र हे सगळं मजकुरासाठी होतं. बटणं, मेन्यू, खिडक्या यांचा मार्ग वेगळाच चालला होता. विंडोजमध्ये डायलॉगचं वर्णन रिसोर्स फाइलमध्ये असे. बटण, त्यावरचा शब्द, डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची. मोजमाप अक्षरावरून ठरे: आडवं एकक म्हणजे अक्षराच्या सरासरी रुंदीचा चौथा भाग, उभं एकक म्हणजे अक्षराच्या उंचीचा आठवा. फॉन्ट बदलला की खिडकी प्रमाणात मोठी होई, ही सोय चांगली होती. पण शब्द बदलला की बटण जिथल्या तिथे राही. १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आलं आणि वर्णन लिहिण्याचीही गरज उरली नाही. माउसने बटण ओढायचं, फॉर्मवर सोडायचं. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईतच काय, तालुक्याच्या गावीही व्हीबीचे क्लास निघाले आणि हजारो मुलामुलींनी त्यावर पहिली नोकरी मिळवली. त्या साधनाचं हे ऋण मी मानते.

त्याच सुमारास आमच्याकडे एका संस्थेचं काम आलं. सगळे फॉर्म इंग्रजीत होते, ते मराठीत करून हवे होते. तेव्हा युनिकोड रुळलेलं नव्हतं. मराठी मजकूर म्हणजे रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेला फॉन्ट. प्रत्येक फॉर्म उघडायचा, प्रत्येक लेबलचा फॉन्ट बदलायचा, नवा मजकूर भरायचा. लेबलची उंची इंग्रजी अक्षरापुरतीच धरलेली, त्यामुळे ‘र्थी’वरचा रफार आणि ‘मूल्य’मधला उकार कापला जायचा. काही शब्द फॉर्मवर नव्हतेच, ते प्रोग्रामच्या ओळींत जागोजागी पेरलेले होते. मराठी उत्तम जाणणारे एक निवृत्त शिक्षक संस्थेने मदतीला दिले होते. त्यांनी कागदावर सुरेख यादी करून दिली, पण यादीतला एकही शब्द त्यांना स्वतःच्या हाताने स्क्रीनवर बसवता आला नाही. प्रत्येक दुरुस्तीसाठी त्यांना आमच्यापैकी कुणाच्या तरी शेजारी येऊन बसावं लागे. एवढा जाणता माणूस आणि त्याला स्वतःच्या भाषेच्या स्क्रीनवर हात चालवता येत नाही, ही गोष्ट मला तेव्हापासून सलत आली आहे.

तिकडे अमेरिकेत नेटस्केप वेगळ्याच अडचणीत होती. तिच्या कम्युनिकेटरचा दर्शनी भाग विंडोजसाठी वेगळा, मॅकसाठी वेगळा आणि युनिक्ससाठी वेगळा लिहिलेला होता. मेन्यूत एक ओळ वाढवायची तर तीन ठिकाणी, तीन तऱ्हांनी. २२ जानेवारी १९९८ रोजी कंपनीने आपला सोर्स कोड खुला करण्याचं जाहीर केलं, ३१ मार्चला तो खुला झाला आणि मोझिला प्रकल्प उभा राहिला. त्याच वर्षी जुना डोलारा बाजूला ठेवून गेको या नव्या इंजिनावर सगळं पुन्हा बांधायचं ठरलं. वेबपान दाखवणारं इंजिन तिन्ही यंत्रणांवर चालणारच होतं. मग ब्राउझरची स्वतःची चौकट, म्हणजे मेन्यू, पत्त्याची पट्टी, बटणं, हेसुद्धा त्याच इंजिनाला का काढू देऊ नये? या प्रश्नातून झूल ही भाषा जन्मली. पूर्ण नाव एक्सएमएल यूजर इंटरफेस लँग्वेज. तिच्या घडणीत डेव्ह हायट यांचा हात मोठा. भाषेची ओळख सांगणाऱ्या नेमस्पेसमध्ये तिच्या कर्त्यांनी ‘घोस्टबस्टर्स’ या १९८४ च्या सिनेमातल्या झूल नावाच्या पिशाच्चाची आठवण गोवून ठेवली. प्रत्येक झूल फाइलच्या माथ्यावर ती ओळ असे.

झूलमध्ये खिडकी लिहायची म्हणजे ‘विंडो’ हा टॅग उघडायचा आणि त्यात खोके मांडायचे. आडव्या रांगेसाठी ‘एचबॉक्स’, उभ्या रांगेसाठी ‘व्हीबॉक्स’. खोक्यात बटण, लेबल, टेक्स्टबॉक्स. कुठेही डावीकडून इतकं, वरून तितकं असं नाही. बटण आपल्या शब्दाएवढं रुंद होतं आणि उरलेली जागा ‘फ्लेक्स’ या गुणधर्मातल्या आकड्यांच्या प्रमाणात वाटली जाते. एका खोक्याला १ दिला, शेजारच्याला २, तर शिल्लक जागेचे तीन वाटे होऊन दोन शेजारच्याला. डावं-उजवं म्हणण्याऐवजी सुरुवात आणि शेवट म्हणायचं, त्यामुळे अरबी-हिब्रूसाठी तीच खिडकी उलट्या बाजूने मांडली जाई.

याहून मोलाची होती फाइलींची वाटणी. प्रत्येक खिडकीचे तीन हिस्से तीन फोल्डरमध्ये. ‘कंटेंट’मध्ये झूलचा सांगाडा आणि त्यामागची जावास्क्रिप्ट, ‘स्किन’मध्ये रंगरूपाची सीएसएस, ‘लोकेल’मध्ये शब्द. सांगाड्यात शब्द लिहायचाच नाही, शब्दाचं टोपणनाव लिहायचं. खरा शब्द लोकेलमधल्या डीटीडी फाइलीत: एका ओळीत टोपणनाव आणि त्यापुढे अवतरणात शब्द. हे सगळं झिप केलेल्या फाइलींत ब्राउझरसोबतच येई. मोझिलाच्या फायरफॉक्सच्या सुरुवातीच्या काळात कुणीही ती फाइल आपल्या संगणकावर सोडवावी, ब्राउझरची मुख्य खिडकी जिच्यात लिहिली आहे ती झूल फाइल उघडावी आणि वाचून काढावी. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा सीप्झमधले मॅप आठवले. कल्पना तीच, पण इथे टॅगचं नाव वाचूनच समोर काय आहे ते कळत होतं.

पहिली चाल अडखळतच झाली. नोव्हेंबर २००० मध्ये आलेला नेटस्केप ६ जड आणि संथ ठरला. जून २००२ मध्ये मोझिला १.० आला आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स १.०. फायरफॉक्स लोकांच्या मनात भरला त्यात ‘ओव्हरले’चा वाटा मोठा होता. बाहेरच्या माणसाने एक लहानशी झूल फाइल लिहायची, ब्राउझरमधल्या अमुक मेन्यूत ही ओळ जोड असं तिच्यात सांगायचं, आणि खिडकी उघडताना दोन्ही फाइली एकत्र विणल्या जायच्या. हजारो एक्स्टेन्शन अशी उभी राहिली. थंडरबर्ड हा मेल पाहण्याचा प्रोग्राम आणि झोटेरो हे संशोधकांचं टिपण-साधनही झूलवरच बांधलेलं होतं.

मराठीचा संबंध आला तो लोकेलच्या फोल्डरमुळे. पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयात भारतीय भाषांत सॉफ्टवेअर आणणारा चमू होता आणि त्याच्या आजूबाजूला हौसेने काम करणारे आम्ही काही जण. फायरफॉक्स मराठीत आणण्याच्या कामात मीही शब्द बसवले. डीटीडीची फाइल उघडायची, इंग्रजी शब्दाच्या जागी मराठी लिहायचा, जतन करायची, ब्राउझर पुन्हा चालू करायचा. बदल समोर दिसायचा. कंपायलर नाही, परवानगी नाही. एक टोपणनाव जरी राहून गेलं तर मात्र खिडकी उघडायचीच नाही, पिवळट पानावर लाल अक्षरांत एक्सएमएलची चूक झळकायची. ही शिक्षा कडक होती, पण कितव्या ओळीत अडलं ते त्याच पानावर लिहिलेलं असायचं, त्यामुळे आमच्यातल्या मराठीच्या शिक्षिकासुद्धा ती चूक स्वतः शोधून दुरुस्त करायला लवकरच शिकल्या.

दोन बारकावे सांगते, कारण एखाद्या साधनामागे किती विचार आहे ते अशा ठिकाणी कळतं. पहिला ॲक्सेस-कीचा. मेन्यूतल्या शब्दाचं एक अक्षर अधोरेखित असतं, आल्ट दाबून ते अक्षर दाबलं की मेन्यू उघडतो. डीटीडीत त्यासाठी शब्दाच्या जोडीला वेगळी ओळ होती. मराठीत ‘फाइल’ लिहिलं, पण कीबोर्डवरची सवय रोमन एफची. आम्ही शब्द मराठीत आणि अक्षर रोमनमध्ये ठेवलं. ते अक्षर शब्दात सापडत नाही हे झूल स्वतः ओळखायची आणि शब्दापुढे कंसात ते लिहून अधोरेखित करायची. दुसरा बारकावा खिडकीच्या मापाचा. पसंती नोंदवायच्या खिडकीची रुंदी प्रोग्रामरने ठरवलेली नव्हती, तीही लोकेलच्या फाइलीत, भाषांतर करणाऱ्याच्या ताब्यात होती, आणि ती फॉन्टच्या मापात लिहायची होती. मराठी ओळ लांब झाली तर आपणच रुंदी वाढवायची. रफार आणि उकार कापले जाण्याचं दुःख पाहिलेल्या मला ही एक ओळ फार मोठी वाटली. आपल्या भाषेला किती जागा लागते हे भाषा जाणणाऱ्याने सांगावं, असं कुणीतरी दूरवर बसून आधीच ठरवून ठेवलं होतं.

झूलच्या पाठोपाठ अशा भाषांची रांगच लागली. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिषदेत झॅमल दाखवली आणि ती २००६ मध्ये डॉटनेट ३.० बरोबर हाती आली. मॅक्रोमीडियाच्या फ्लेक्सची एमएक्सएमएल २००४ ची, क्यूटीची क्यूएमएल २०१० ची. गनोमच्या जगात ग्लेड हे साधन खिडकीचं वर्णन एक्सएमएलमध्ये साठवत होतं. आपल्या लोकांच्या हातात मात्र पोचली ती २००८ मध्ये आलेली अँड्रॉइडची मांडणी. तिथेही खिडकी एक्सएमएलमध्ये, शब्द वेगळ्या फाइलीत आणि प्रत्येक भाषेला आपला फोल्डर. मराठीच्या फोल्डरच्या नावाअखेरीस ‘एमआर’. मराठी शब्द मिळाला नाही तर मूळ भाषेतला शब्द दिसतो, ॲप बंद पडत नाही. गावोगावचे लोक फोनवर आज मराठी मेन्यू पाहतात त्यामागे ही वाटणी आहे.

झूलचा शेवट तिच्याच मोकळेपणातून ओढवला. ओव्हरलेमुळे एक्स्टेन्शन थेट ब्राउझरच्या आतल्या नावांवर विसंबून असत. आतलं एक नाव बदललं की कितीतरी एक्स्टेन्शन कोसळत. २०११ पासून फायरफॉक्सच्या आवृत्त्या भराभर निघू लागल्या आणि हा ताण असह्य झाला. टॅब वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायच्या, सुरक्षितता घट्ट करायची, तर आत कुणालाही कुठेही हात घालू देणं परवडणारं नव्हतं. ऑगस्ट २०१५ मध्ये जुन्या धाटणीची एक्स्टेन्शन बंद करण्याचं जाहीर झालं आणि १४ नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स ५७ मध्ये ती थांबली. त्यानंतर ब्राउझरमधली बरीचशी झूलही टप्प्याटप्प्याने काढून तिथे एचटीएमएल आणली गेली. डीटीडीच्या जागी मोझिलाने फ्लुएंट ही नवी पद्धत आणली. एकवचन-अनेकवचनासारखे निर्णय तिच्यात भाषांतरकार स्वतः घेतो. मला ते योग्य वाटतं, कारण झूलने दिलेला भाषांतरकाराचा अधिकार तिथे वाढलाच आहे.

खोके आणि फ्लेक्स तर सगळ्या वेबचे झाले. सीएसएसच्या फ्लेक्सबॉक्सचा पहिला मसुदा २००९ चा, तो झूलच्या खोक्यांवरून घेतलेला होता आणि लिहिणाऱ्यांत डेव्ह हायट होते. आज वेबपानावर रांगेत बसलेली बटणं दिसतात, त्यातल्या बहुतेकांच्या मागे ही मांडणी असते.

गेल्या दशकात वारं मात्र दुसरीकडे वळलं. मे २०१३ मध्ये फेसबुकने रिॲक्ट खुलं केलं. त्यात टॅग जावास्क्रिप्टच्या आतच लिहितात. २०१९ मध्ये ॲपलची स्विफ्टयूआय आली, २०२१ मध्ये अँड्रॉइडसाठी जेटपॅक कंपोज. पद्धत डिक्लरेटिव्हच आहे, अगदी शुद्ध अर्थाने: स्थिती अशी असेल तर स्क्रीन अशी दिसेल, एवढं सांगायचं. पण वर्णन आता प्रोग्रामच्या भाषेत मिसळलं आहे. प्रोग्रामरांचं काम यामुळे सोपं झालं, चुका कमी झाल्या, हे मी रोज पाहते. मात्र सीप्झमधल्या मॅपची उणीव परत आली आहे. स्क्रीन वाचायची तर प्रोग्रामर हवा. शब्द वेगळ्या फाइलीत ठेवायची सोय या साधनांत आहे, पण सक्ती नाही. त्यामुळे थेट कोडमध्ये लिहिलेली मराठी वाक्यं, इंग्रजी शब्दाच्या मापाने बांधलेली बटणं आणि कापलेले उकार मला नव्या ॲपमध्येही दिसतात.

मराठीसाठी ॲप बांधणाऱ्या प्रत्येक चमूला, मग तो सरकारी खात्याचा असो, सहकारी बँकेचा असो की कॉलेजातल्या मुलांचा, माझं एक सांगणं आहे. नवं साधन निवडताना ते किती वेगवान आहे आणि किती लोक वापरतात हे सगळेच विचारतात. प्रोग्राम न लिहिणाऱ्या माणसाला यातलं काय वाचता येईल आणि काय बदलता येईल, हेही त्याच बैठकीत विचारा. शब्द पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाइलीत ठेवा, कुठल्याही लेबलला ठरावीक उंची देऊ नका, आणि जागा किती लागते हे भाषा जाणणाऱ्याला ठरवू द्या. मागाहून ही सोय करणं किती महाग पडतं ते मी व्हीबीच्या फॉर्मवर पाहिलं आहे, आणि आधी केलेली सोय किती लोकांना कामाला लावते ते झूलमध्ये पाहिलं आहे. मराठी स्क्रीन नीट व्हायची तर मराठी नीट येणाऱ्याचा हात तिच्यापर्यंत पोचला पाहिजे, आणि ती वाट आराखडा आखतानाच ठेवावी लागते.